आर्किमिडीजच्या कार्डावरचा हसरा गृहस्थ : सहा शुभेच्छापत्रांचे एक प्रकरण

एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाने आपल्याला गणित आणि विज्ञान शिकवलेल्या गुरुजनांना शिक्षकदिनी, म्हणजे ५ सप्टेंबरला, देण्यासाठी सहा शुभेच्छापत्रांचा एक संच छापायचे ठरवले. प्रत्येक कार्डाच्या दर्शनी बाजूला एका प्राचीन ग्रीक शास्त्रज्ञाचे चित्र, आत त्याचे एखादे वचन आणि त्याखाली शुभेच्छांच्या चार ओळी, मागे त्या शास्त्रज्ञाची थोडक्यात ओळख, असा साधा बेत होता. पायथॅगोरस, अ‍ॅरिस्टॉटल, युक्लिड, आर्किमिडीज, टॉलेमी आणि अलेक्झांड्रियाची गणितज्ञ हायपेशिया ही सहा नावे गटाने स्वतःच निवडली होती. चित्रे जमवणे आणि मांडणी हे एका तरुण सजावटकार मुलीचे काम होते आणि मजकूर लिहून तपासणे हे माझे. पन्नास-साठ संच गुरुजनांना द्यायचे आणि उरलेले विकून येणारी रक्कम शाळेच्या ग्रंथालयाला द्यायची, असे नंतर ठरले. हा नंतरचा निर्णय पुढे आमच्या डोक्याला ताप देऊन गेला, म्हणून तो इथेच नोंदवून ठेवतो.

काम सुरळीत चालले होते. पहिले रंगीत प्रूफ आले तेव्हा गटातील एका सदस्याने ते घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊनच छापखान्यात आला. हे काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि आयुष्यभर तिकिटे जमवलेले. त्यांनी पिशवीतून तिकिटांची वही काढली, चिमट्याने एक तिकीट उचलून आमच्या आर्किमिडीजच्या कार्डाशेजारी ठेवले आणि म्हणाले, “चित्र तेच आहे बघा. पण हा आर्किमिडीज नाही हो. तिकीट निघालं तेव्हा होता, आता नाही.”

तिकीट १९६३ सालचे, स्पेनचे. त्यावरचे चित्र होसे दे रिबेरा या सतराव्या शतकातील चित्रकाराचे. कार्डावर आम्ही घेतलेले चित्रही तेच होते : फाटका काळसर झगा, उन्हाने रापलेला सुरकुतलेला चेहरा, एका हातात कर्कटक, दुसऱ्या हातात कागद, आणि तोंडभर हसू. सजावटकाराला ते आवडले होते यात नवल नाही, कारण शुभेच्छापत्रावर हसरा चेहरा असावा अशीच कोणाचीही अपेक्षा असते आणि बाकीचे पाचही ग्रीक भलतेच गंभीर होते. हे १६३० सालचे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे आणि दीर्घकाळ ते ‘आर्किमिडीज’ याच नावाने ओळखले जात होते, कारण हातात कर्कटक असलेला म्हातारा म्हणजे भूमितीवालाच असणार, असा साधा हिशेब त्यामागे होता. आता संग्रहालय त्याला ‘डेमोक्रिटस’ म्हणते. अणूंची कल्पना मांडणारा डेमोक्रिटस हा युरोपीय चित्रपरंपरेत ‘हसणारा तत्त्वज्ञ’ म्हणून ठरून गेला होता आणि त्याच्या जोडीला रडणारा हेराक्लायटस असे. म्हणजे ज्या हसण्यावर आम्ही भाळलो होतो, त्याच हसण्यामुळे चित्रातील माणसाची ओळख बदलली होती.

त्या क्षणी गटातील बहुतेकांचे म्हणणे असे पडले की चित्र बदलून आर्किमिडीजचे दुसरे, खात्रीचे चित्र टाकावे आणि पुढे जावे. हा प्रस्ताव रास्तच होता. अडचण एवढीच की ‘खात्रीचे चित्र’ ही वस्तू अस्तित्वात आहे, असे त्यात गृहीत धरले होते.

दुसरा आर्किमिडीज शोधताना

सजावटकाराने दोन दिवसांत चार पर्याय आणले. पहिला एका संगमरवरी अर्धपुतळ्याचा, जो हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन शहराच्या उत्खननात मिळाला आणि आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तो अनेक ठिकाणी आर्किमिडीज म्हणून छापला गेला आहे, पण अभ्यासक तो स्पार्टाचा राजा तिसरा आर्किडेमस याचा मानतात. नावे कानाला जवळची वाटतात, माणसे मात्र कुठल्या कुठे : हा राजा इ. स. पू. ३३८ मध्ये लढाईत मारला गेला आणि आर्किमिडीजचा जन्म त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, इ. स. पू. २८७ च्या आसपास झाला. दुसरा पर्याय दोमेनिको फेत्तीने १६२० च्या सुमारास रंगवलेल्या चित्राचा होता, जे ड्रेस्डेनमध्ये आहे. जगभरच्या पुस्तकांत आर्किमिडीज म्हणून बहुधा हेच दिसते. विचारमग्न वृद्ध, समोर कागद, शेजारी गोल. चित्र सुंदर आहे, पण चित्रकार आणि त्याचा विषय यांच्यात अठराशे वर्षांचे अंतर आहे. तिसरा पर्याय फील्ड्स पदकावरील मुखाचा. गणितातील या सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या पदकावर कॅनडाचे शिल्पकार रॉबर्ट टेट मॅकेन्झी यांनी १९३३ मध्ये आर्किमिडीजचा चेहरा घडवला. त्यांच्याही समोर कोणता खरा चेहरा नव्हता. त्या पदकावर रोमन आकड्यांत साल कोरताना एका ‘एम’च्या जागी ‘एन’ पडला आहे, हे पाहून आमच्या छपाईवाल्या गृहस्थांना फार दिलासा मिळाला. चौथा पर्याय संगणकाने तयार केलेल्या गुळगुळीत चेहऱ्याचा होता. त्यावर चर्चाच झाली नाही.

आर्किमिडीजच्या हयातीतील किंवा त्याच्या मृत्यूनंतर नजीकच्या काळातील एकही निश्चित प्रतिमा आज आपल्याकडे नाही. त्याच्याशी खात्रीने जोडता येणारी एकमेव दृश्य खूण म्हणजे त्याच्या थडग्यावरील आकृती. इ. स. पू. २१२ मध्ये रोमनांनी त्याचे सिसिलीतील सिरॅक्यूज शहर जिंकले तेव्हा तो मारला गेला. पुढे इ. स. पू. ७५ मध्ये सिसिलीत अधिकारी म्हणून आलेल्या सिसेरो या रोमन वक्त्याने झुडपांत हरवलेले त्याचे थडगे शोधून काढले आणि ते त्याला ओळखू आले ते वरच्या गोल आणि वृत्तचितीच्या आकृतीवरून. वृत्तचितीत नेमका बसणारा गोल हा घनफळानेही आणि पृष्ठफळानेही तिच्या दोन तृतीयांश असतो, हा आर्किमिडीजला सर्वांत प्रिय असलेला निष्कर्ष. म्हणजे आपली ओळख म्हणून काय ठेवावे, याचा निर्णय खुद्द त्यानेच करून ठेवला होता, आणि त्यात चेहरा नव्हता.

हे मी गटापुढे मांडले तेव्हा एक सदस्य म्हणाले, “अहो, पण शुभेच्छापत्र आहे ते. चेहरा नको म्हणता, मग सर कार्ड उघडून बघणार काय? लंबगोल?” आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरींत आर्किमिडीजला दाढी होती, पायथॅगोरसला दाढी होती, आणि पन्नास वर्षे त्या तसबिरींखाली शिकवलेल्या शिक्षकांना कार्डावर तो माणूस हवा होता, सिद्धान्त नको होता. या ताणातूनच पुढचे सगळे निर्णय झाले.

बाकीचे पाच

एक चेहरा चुकला म्हटल्यावर उरलेले पाच तपासणे भागच होते. त्यात सर्वांत भक्कम निघाला अ‍ॅरिस्टॉटल. त्याचा इ. स. पू. चौथ्या शतकात घडवलेला मूळ पुतळा गेला, पण रोमन काळात केलेल्या संगमरवरी प्रती टिकल्या. त्यांतील एक रोममध्ये आणि एक उत्तम मस्तक व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. सोळाव्या शतकात रोममध्ये त्याचे नाव कोरलेला एक अर्धपुतळा होता. तो हरवला, पण त्याची रेखाटने राहिली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्याशी पडताळून या प्रतींची ओळख पटवली गेली. लहान डोळे, मागे सरत चाललेले केस, आखूड दाढी. सहांतील हा एकच चेहरा असा, की ज्याखाली नुसते नाव छापले तरी मन खात नाही.

पायथॅगोरसचे उलटे. डोक्याला मुंडाशासारखे वस्त्र गुंडाळलेला जो अर्धपुतळा आमच्या कार्डावर होता, तो रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातील, पायथॅगोरसच्या मृत्यूनंतर काही शतकांनी घडलेला. त्याच्या जन्मभूमीतील, सामोस बेटावरील, रोमन काळातल्या नाण्यांवर तो बसलेला आणि समोर गोल ठेवलेला दिसतो, पण तीही फार नंतरची स्मृती आहे. ग्रीसच्या टपाल खात्याने १९५५ मध्ये त्याच्या स्मरणार्थ तिकिटे काढली, तेव्हा त्यांतील काहींवर चक्क सिद्धान्ताचीच आकृती छापली : काटकोन त्रिकोण आणि त्याच्या तीन बाजूंवर चौकटी पाडलेले ९, १६ आणि २५ घरांचे चौरस. काकांनी तेही तिकीट वहीत दाखवले. ते पाहिल्यावर पायथॅगोरसच्या कार्डावर चौरस छापायला कोणी हरकत घेतली नाही. मूळ घरच्यांनीच असे केले आहे म्हटल्यावर आपण का संकोचावे? बौधायनाच्या शुल्बसूत्रात हाच गुणधर्म आहे, मग कार्ड त्याचे का नाही, असा प्रश्न एकाने काढला. मागच्या मजकुरात त्याचा एका वाक्यात उल्लेख केला आणि संच ग्रीकांचा आहे हे लक्षात आणून दिले.

युक्लिडचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आणि माझ्या मते सर्वांत मजेशीर. मध्ययुगीन युरोपने भूमितीकार युक्लिड आणि सॉक्रेटिसचा शिष्य असलेला मेगाराचा युक्लिड या दोन माणसांना एकच समजून टाकले होते, आणि १५०५ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या भूमितीग्रंथाच्या लॅटिन भाषांतरातही ग्रंथकार म्हणून मेगाराच्याच युक्लिडचे नाव आहे. दोघांत साधारण शतकभराचे अंतर. १५७२ मध्ये फेदेरिको कोमांदिनो यांनी आपल्या भाषांतरात हा घोळ निस्तरला, पण तोवर चित्रे काढून झाली होती. आमच्या कार्डावर मात्र राफाएलने व्हॅटिकनमध्ये १५०९ ते १५११ दरम्यान रंगवलेल्या ‘अथेन्सची शाळा’ या भित्तिचित्रातील आकृती होती : उजव्या कोपऱ्यात टक्कल पडलेला एक माणूस वाकून पाटीवर कर्कटकाने काहीतरी काढतो आहे आणि चार पोरे त्याच्याभोवती कोंडाळे करून आहेत. एकाला आत्ताच समजले आहे, दुसरा त्याच्या खांद्यावरून डोकावतो आहे. शिक्षकदिनासाठी याहून चांगले चित्र शोधून सापडणार नाही. पण तो चेहरा ब्रामान्ते या वास्तुकाराचा, राफाएलच्या समकालीनाचा आहे, असे कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या व्हसारीने सोळाव्या शतकातच लिहून ठेवले आहे. शिवाय हा युक्लिड की आर्किमिडीज, याबद्दलही अभ्यासकांत दुमत आहे.

त्याच कोपऱ्यात पाठ फिरवून, हातात पृथ्वीचा गोल घेऊन टॉलेमी उभा आहे, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट आहे. हा मुकुट म्हणजे शुद्ध नामसाम्याची करामत. इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक राजघराण्यातील राजांचे नाव टॉलेमी, ते घराणे क्लिओपात्राबरोबर इ. स. पू. ३० मध्ये संपले, आणि खगोलशास्त्रज्ञ क्लॉडियस टॉलेमी इ. स. दुसऱ्या शतकातला. राजाशी त्याचा काहीएक संबंध नाही. तरीही युरोपीय ग्रंथांतील जुन्या काष्ठचित्रांतसुद्धा तो मुकुट घालून आकाश निरखताना दिसतो. आपल्याकडे एखाद्या पाटील आडनावाच्या प्राध्यापकाला चित्रकाराने फेटा आणि काठी देऊन टाकावी, तसे हे झाले.

राहिली हायपेशिया. शाळेत गणित शिकवणाऱ्या दोन बाई होत्या, त्यामुळे या कार्डाबद्दल गट विशेष हळवा होता. प्रूफवर होते ते कुरळ्या केसांच्या तरुणीचे, एका बाजूने दिसणारे रेखाटन, जे हायपेशिया म्हणून सर्वत्र फिरते. ते ज्यूल मॉरिस गॅस्पार या चित्रकाराने १९०८ साली एका अमेरिकन चरित्रमालेसाठी कल्पनेने काढले. दुसरा पर्याय इजिप्तमधील फायूमच्या ममींवर सापडलेल्या, रोखून पाहणाऱ्या टपोऱ्या डोळ्यांच्या व्यक्तिचित्रांपैकी एकाचा होता. तीही अधूनमधून हायपेशिया म्हणून खपतात. ती चित्रे खऱ्या माणसांची आहेत हे त्यांचे मोठेपण, पण ती मुख्यतः पहिल्या ते तिसऱ्या शतकातील आहेत आणि हायपेशियाची हत्या झाली ४१५ साली. कोणा अनाम स्त्रीचा चेहरा तिच्या अंत्यसंस्कारासाठी रंगवला गेला आणि आपण त्यावर दुसरीचे नाव चिकटवायचे, हे मला प्रादोच्या घोळापेक्षा अधिक अयोग्य वाटले. राफाएलच्या चित्रातील पांढऱ्या वस्त्रातली, आपल्याकडे पाहणारी व्यक्ती म्हणजे हायपेशिया, अशीही एक आख्यायिका आहे. तिला आधार सापडत नाही.

वचनांची झाडाझडती

चित्रांकडे संशयाने पाहायची सवय लागल्यावर आतल्या वचनांकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते, आणि इथे चूक सर्वस्वी माझी होती, कारण ती वचने मी गोळा केली होती. अ‍ॅरिस्टॉटलच्या कार्डात ‘आपण जे पुन्हा पुन्हा करतो तेच आपण असतो, म्हणून उत्कृष्टता ही कृती नसून सवय आहे’ असे घातले होते. हे वाक्य शाळांच्या फळ्यांवर सर्रास दिसते. ते अ‍ॅरिस्टॉटलचे नव्हे, तर त्याच्या नीतिविचाराचा सारांश सांगताना विल ड्युरंट या अमेरिकन लेखकाने १९२६ मध्ये लिहिलेले आहे. हायपेशियाच्या कार्डात ‘विचार करण्याचा आपला हक्क राखून ठेवा, चुकीचा विचार करणे हे विचारच न करण्यापेक्षा बरे’ हे वचन होते. तेही १९०८ मधल्या त्याच अमेरिकन मालेत पहिल्यांदा तिच्या तोंडी घातले गेले, ज्यातून तो चेहरा आला. म्हणजे एका कार्डावर चेहरा आणि वाणी दोन्ही एकाच छापखान्यातून आलेली होती आणि अलेक्झांड्रियाचा त्यात अंशही नव्हता.

‘युरेका’ची गोष्ट व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी सांगितली. आर्किमिडीजच्या उपलब्ध ग्रंथांत ती नाही. ‘मला उभे राहायला जागा द्या, मी पृथ्वी हलवतो’ हे वाक्य चौथ्या शतकातील पॅपसने नोंदवले. ‘भूमितीकडे जाणारा राजमार्ग नाही’ असे युक्लिडने टॉलेमी राजाला सुनावल्याचे पाचव्या शतकातील प्रोक्लस सांगतो, आणि तोच किस्सा मेनेक्मस हा गणिती आणि अलेक्झांडर राजा यांच्या नावावरही सांगितला जातो. दंतकथा म्हणून या गोष्टी गोडच आहेत आणि वर्गात त्या सांगू नयेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण अवतरणचिन्हांत टाकून खाली नाव छापले की ती सही होते.

मग नव्याने शोध घेतला आणि निघाले ते आधीच्यापेक्षा सरस निघाले. वाळूचे कण मोजण्याच्या आर्किमिडीजच्या निबंधाचे पहिलेच वाक्य असे आहे : ‘गेलॉन राजा, वाळूच्या कणांची संख्या अनंत आहे असे मानणारे काही लोक आहेत.’ पुढे तो सारे विश्व भरून टाकायला किती कण लागतील, याचा हिशेब मांडतो. मोठ्या संख्या शिकवताना ज्यांचा घसा कोरडा पडला त्यांना देण्यासारखे हे वाक्य आहे. अ‍ॅरिस्टॉटलचे ‘सर्व माणसांना स्वभावतःच जाणून घेण्याची इच्छा असते’ हे त्याच्या एका ग्रंथाचे आरंभवाक्य आहे. ते बाकावर झोपलेल्या मुलांकडे पाहून शिक्षकांना कितपत पटेल, ते निराळे. युक्लिडसाठी पहिली व्याख्याच घेतली : ‘ज्याला भाग नाही तो बिंदू.’ टॉलेमीच्या नावावर असलेल्या चार ओळींच्या ग्रीक कवितेत, मी मर्त्य आहे हे मला ठाऊक आहे, पण ताऱ्यांच्या फेऱ्यांचा माग काढताना माझे पाय जमिनीला लागत नाहीत, असा आशय आहे. तो ‘टॉलेमीच्या नावावर असलेली’ असे म्हणूनच छापला. पायथॅगोरसने लिहिलेले काहीच उरलेले नाही, म्हणून त्याच्या कार्डात वचन नाही, तर ३, ४, ५ च्या जोडीला ५, १२, १३ आणि ८, १५, १७ ही त्रिकुटे आहेत.

हायपेशियाचेही स्वतःचे वाक्य उरलेले नाही, पण तिच्या शिष्याची पत्रे उरली आहेत. सायरीनचा सिनेसियस, जो पुढे बिशप झाला, आजारपणात अंथरुणावरून तिला लिहिताना ‘आई, बहीण, गुरू’ अशी हाक मारतो. शिक्षकदिनाच्या कार्डासाठी हे तीन शब्द सोळाशे वर्षांपासून तयार होते आणि आम्ही मात्र अमेरिकन वचन घेऊन बसलो होतो.

हक्कांचा प्रश्न

उरलेले संच विकायचे ठरल्यामुळे चित्रांच्या हक्कांचा प्रश्न निघाला. राफाएल किंवा रिबेरा यांच्या कलाकृतींवर आज कोणाचा लेखाधिकार नाही, पण त्यांचे छायाचित्र कोणी काढले आणि मूळ वस्तू कोणाच्या ताब्यात आहे, हे दोन प्रश्न उरतातच. इटलीच्या २००४ च्या सांस्कृतिक वारसा संहितेनुसार सरकारी संग्रहालयातील वस्तूची प्रतिमा व्यापारासाठी वापरायची तर परवानगी आणि शुल्क लागते. ग्रीसमध्येही २००२ च्या कायद्यात तशीच तरतूद आहे. हे कागदावरचे भय नव्हे. लिओनार्दोचे व्हिट्रुव्हियन माणसाचे रेखाटन चित्रकोड्यावर छापल्याबद्दल राव्हेन्सबुर्गर या जर्मन कंपनीविरुद्ध व्हेनिसच्या न्यायालयाने २०२२ मध्ये निर्णय दिला आणि श्टुटगार्टच्या न्यायालयाने २०२४ मध्ये इटलीचा हा कायदा इटलीबाहेर लागू होत नाही असे म्हटले. दोन देशांच्या न्यायालयांत न मिटलेल्या वादात शे-दोनशे संचांसाठी उडी घ्यायची गरज नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलसाठी रोममधील पुतळ्याचे छायाचित्र बाजूला ठेवले आणि सजावटकाराने व्हिएन्नाच्या मस्तकावरून पेन्सिलने स्वतः रेखाटन केले.

आर्किमिडीजच्या कार्डाचा प्रश्नही याच शोधात सुटला. दहाव्या शतकात कोणा लेखनिकाने चर्मपत्रावर आर्किमिडीजचे ग्रंथ उतरवले होते. १२२९ मध्ये ती पाने खरवडून, आडवी फिरवून, दुमडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ मध्ये योहान हायबर्ग या डॅनिश पंडिताने कॉन्स्टँटिनोपलमध्ये प्रार्थनांच्या आडचा पुसट मजकूर ओळखला. पुढे ती पोथी नाहीशी झाली आणि १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात २० लाख डॉलरना विकली जाऊन अभ्यासासाठी बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कला संग्रहालयात पोहोचली. मधल्या काळात तिच्यातील चार पानांवर कोणीतरी सोनेरी वर्ख लावून ख्रिस्ती शुभवर्तमानकारांची चित्रे काढली होती, जुनी वाटावीत अशी. त्यांतील हिरवा रंग १९३८ नंतरच बाजारात आलेला असल्याने लबाडी उघडी पडली. खाली आर्किमिडीजचा मजकूर आणि वर किंमत वाढावी म्हणून चिकटवलेले चेहरे! आमच्या संचाची अवस्था काही दिवसांपूर्वी याहून फारशी वेगळी नव्हती. शाईतील लोहाचा क्ष-किरणांनी वेध घेऊन त्या चित्रांखालचा मजकूरही वाचला गेला. या पोथीच्या पानांच्या प्रतिमा २००८ मध्ये श्रेयनिर्देशाच्या अटीवर सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या, आणि आम्हाला नेमके तेच हवे होते.

अंतिम संच

राफाएलच्या चित्रातील दोन्ही आकृती ठेवल्या, कारण चेहरा हवा ही मागणी खरी होती आणि ती चित्रे खोटी नाहीत, फक्त त्यांच्याखालचे नाव अपुरे होते. युक्लिडच्या कार्डामागे आता असे छापले आहे : ‘राफाएलने १५०९ ते १५११ च्या दरम्यान रंगवलेला युक्लिड. चेहरा वास्तुकार ब्रामान्तेचा आहे असे म्हणतात. युक्लिड कसा दिसत होता, हे कोणालाच ठाऊक नाही.’ त्याखाली दोन ओळी भारताच्या धाग्याच्या : अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या दरबारातील जगन्नाथ पंडितांनी नसीरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून युक्लिडचा ग्रंथ ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणला आणि तो १९०१-०२ मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापला गेला. टॉलेमीचा मुकुट तसाच ठेवून तो त्याच्या डोक्यावर कसा गेला, ते मागे सांगितले. ही ओळख सर्वांत वाचनीय झाली, असे मला वाटते.

हायपेशियाचे चित्र सजावटकाराने नव्याने काढले. पाठमोरी स्त्री, खांद्यावर उपरणे, हात उचललेला, आणि समोर छेद घेतलेला शंकू, कारण अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञाच्या शंकुच्छेदांवरील ग्रंथावर तिने भाष्य लिहिल्याची नोंद आहे. चेहरा दिसत नाही. गटातील दोघांना हे आधी रुचले नव्हते, पण फळ्याकडे तोंड केलेल्या बाईंची पाठच आपण अधिक पाहिली आहे, असे एकीने म्हटल्यावर विषय मिटला.

छपाईत एकच मोठी अडचण आली. पोथीच्या खुल्या प्रतिमांत संगणकाच्या साहाय्याने आर्किमिडीजचा मजकूर लालसर दिसतो आणि वरच्या प्रार्थना काळपट. पडद्यावर हे झकास दिसते. तीनशे जीएसएमच्या आर्ट कार्डावर चार रंगांत छापून वर मॅट लॅमिनेशन चढवल्यावर तो लाल चर्मपत्राच्या तपकिरीत बुडून गेला आणि कार्ड लांबून चहा सांडलेल्या कागदासारखे दिसू लागले. पिवळा थोडा उतरवला, लाल चढवला, लॅमिनेशन काढून त्याऐवजी नुसते वार्निश घेतले, तेव्हा आडव्या प्रार्थनांमधून उभ्या जाणाऱ्या ग्रीक ओळी आणि पानाच्या कडेची एक आकृती स्पष्ट दिसू लागली. यात चार दिवस गेले आणि ३ सप्टेंबरला रात्री कार्डांना घड्या पडल्या.

संच वाटल्यानंतरच्या आठवड्यात निवृत्त झालेल्या एका सरांचा गटाला फोन आला. कार्डे आवडल्याचे सांगून झाल्यावर त्यांनी विचारले, “आर्किमिडीजचा फोटो टाकायचा राहिला का रे?” त्यांना मागचा मजकूर वाचायला सांगितला. अक्षर बारीक आहे, म्हणाले, आणि ते खरेच बारीक होते. दुसऱ्या छपाईत मागचा टंक दोन अंशांनी वाढवला आहे.

रद्द झालेले पहिले प्रूफ काकांनी मागून नेले. त्यांच्या वहीत आता १९६३ च्या स्पॅनिश तिकिटासमोर आमचा हसरा गृहस्थ चिकटवलेला आहे, आणि त्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे : ‘आर्किमिडीज (असे वाटले होते).’